तिसऱ्या खांबाचा आवाज

अठरा मिनिटांची फिल्म संपली
आणि कुणीच उठलं नाही.
मला वाटलं, भारावलेत.
मग लमारा म्हणाली,
दार बाहेरून लागलंय नुत्सा,
रखवालदार चहाला गेलाय.

तेवढ्यात मी कागद वाटून घेतले.
पाच प्रश्न, प्रत्येकाखाली एक ते पाच आकडे,
शाळेतून मागून आणलेल्या तीस पेन्सिली.
तिबिलिसीला सरांनी बजावलं होतं,
प्रेक्षकाला बोलू दे, मध्ये तोंड घालू नकोस.
म्हणून मी भिंतीला टेकून उभी,
स्वतःच्याच मयताला
उशिरा पोचल्यासारखी.

बाकडी गार होती, एकाने लिहिलं.
दुसरीने लिहिलं, माझं स्वयंपाकघर दाखवलंस,
आवरायला वेळ तरी द्यायचास. बाकी बरी. चार.
एका कागदावर नुसता घोडा काढलेला.
फिल्ममध्ये घोडा नाही.
बद्रीने प्रश्न न वाचताच सगळीकडे पाच दिले
आणि मागच्या बाजूला भाच्याच्या लग्नाचा हिशोब केला.
त्सिआलाबाईंचं अक्षर कागदात रुतलेलं:
गुरामचा सदरा निळा होता.
तू फिल्म काळी-पांढरी का केलीस?
तो सदरा मी शिवला होता.

हे सगळं मी सोसलं.
शेवटाबद्दल मात्र मला खात्री होती.
रोपवेचा रिकामा डबा दरीवरून जातो,
खाली मँगनीजने काळी पडलेली नदी,
आणि कसलाच आवाज नाही.
त्या शांततेवर मी दोन रात्री घालवल्या होत्या.
वारा पुसला, कुत्रं पुसलं,
गंजलेल्या चाकाची करकर पुसली,
जमिनीवर सांडलेलं दूध पुसावं
तसं कोपऱ्याकोपऱ्यातून.

ओतार आजोबांना दिसत नाही.
त्यांचा कागद नातीने लिहिला, शाळेच्या गोल अक्षरात:
'एकतीस वर्षं पहिल्या पाळीला जाताना
मी डब्यात डोळे मिटून घ्यायचो.
तिसऱ्या खांबाशी खट् व्हायचं,
पोटात खड्डा पडायचा,
मग उघडायचो.
आता उघडून उपयोग नाही, पण खट् हवं.
ते आलंच नाही.
सगळे म्हणतात, संपली फिल्म.
मी अजून वरच आहे.'
त्याखाली नातीने स्वतःचं लिहिलं:
आजोबा बाकडं सोडायला तयार नाहीत.

सरांना मी सरासरी कळवली: तीन पूर्णांक आठ.
घोडा कुठल्या रकान्यात घालायचा ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेळ्यांच्या वाटेने
रेकॉर्डर घेऊन तिसऱ्या खांबापर्यंत चढले.
खांब होता. दोर उतरवून नेलेले.
तासभर थांबले. माशा.

संध्याकाळी ओतार आजोबांच्या अंगणात
साखरेच्या डब्यावर त्यांनी बोटाचं हाड आपटलं.
नाही, असं नव्हे, म्हणाले.
लमारा म्हणाली, जरा खालून यायचं, छातीतून.
तिने तेवीस वर्षं तो डबा चालवलेला.
बद्रीने फावडं आणलं.
कुणी म्हणे खट्, कुणी खटाक्,
कुणी म्हणे, आधी एक उसासा असायचा.
त्सिआलाबाई म्हणाल्या,
गुराम त्या आवाजाला शिंकायचा.
यावर जे भांडण पेटलं ते पेटलंच,
चहा गार झाला, रेकॉर्डर चालू राहिला,
मी मध्ये तोंड घातलं, तीनदा.

आणि त्या कालव्यात
गल्लीत कुठेतरी कुणीतरी
लोखंडी फाटक ओढून घेतलं.

'हं,' ओतार आजोबा म्हणाले.
हात गुडघ्यावरून उचलून
त्यांनी टोपी सारखी केली,
उतरायच्या आधी करतात तशी.

मी बाहेर धावले.
सात फाटकं, सगळी बंद,
एकापाशीही माणूस नाही.

पेन्सिली सव्वीसच परत आल्या.
शाळेच्या बाईंना अजून सांगितलेलं नाही.